एका गोळीचे अनेक भाव

१९५९च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी सुरू केली. टेनेसीचे सिनेटर एस्टिस केफॉव्हर हे या समितीचे अध्यक्ष होते. एकच औषध वेगवेगळ्या देशांत काय भावाने विकले जाते, याचे तक्ते समितीने मांडले आणि त्यातून एक गोष्ट उघडी पडली. भारतासारख्या गरीब देशात अनेक औषधांचे, विशेषतः अँटिबायोटिक्सचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांमध्ये मोडत होते. गरीब देशात माल स्वस्त असतो, या सर्वसाधारण समजाच्या अगदी उलट हे चित्र होते. त्याचे कारण समितीला पेटंटमध्ये दिसले. भारतात तेव्हा इंग्रजांनी केलेला १९११चा कायदा लागू होता आणि त्याखाली औषध या वस्तूवरच पेटंट मिळत असे. जवळपास त्याच सुमाराला दिल्लीत न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्याच्या फेरविचाराचा अहवाल सरकारला सादर केला होता. भारतातली बहुतेक पेटंटे परदेशी कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा माल इथे तयारही होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या शिफारशींवर आधारलेला १९७०चा पेटंट कायदा १९७२मध्ये अमलात आला. औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर आणि तेही थोड्या वर्षांसाठी, असा नवा नियम झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद इथे औषधनिर्मितीचे कारखाने वाढले आणि चढ्या भावांच्या यादीतला भारत स्वस्त औषधांचा देश म्हणून ओळखला जाऊ लागला. या काळात भारतीय माणूस बदलला नव्हता आणि रसायनशास्त्रही बदलले नव्हते. बदलला होता तो कायदा.

कर्करोगाच्या औषधांच्या किमतींची देशोदेशी तुलना करताना हा इतिहास समोर ठेवला पाहिजे. अशी तुलना निघाली की ती लवकरच दोन ठरीव विधानांवर येऊन थांबते. श्रीमंत देशांत औषधे महाग आणि गरीब देशांत स्वस्त, हे एक. संशोधनाला अफाट पैसा लागतो म्हणून किंमत चढी, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यांच्या हातून निसटते. माझे म्हणणे असे आहे की कर्करोगाच्या औषधाची किंमत त्या औषधात नसतेच. एखाद्या देशाने सौदा करण्याची किती ताकद कायद्याने उभी केली आणि ती वापरण्याची किती तयारी दाखवली, यावर तो आकडा ठरतो. हे तपासायला इमॅटिनिबसारखे दुसरे औषध नाही. कंपनीने ते ग्लिव्हेक या नावाने विकले आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्यावरून प्रयोगशाळेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले.

इमॅटिनिब ज्या आजारावर चालते तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. १९६०मध्ये फिलाडेल्फियातले पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत नेहमीपेक्षा आखूड असे एक गुणसूत्र दिसले. १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला. नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि त्यातून हा आजार उभा राहतो. या अदलाबदलीतून एक सदोष प्रथिन तयार होते आणि पेशींना अखंड वाढत राहण्याचा हुकूम देत राहते, हे पुढे कळले. ते प्रथिन नेमके बंद पाडणारा रेणू स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. ऑरेगॉनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी तो रुग्णांपर्यंत नेण्याचा ध्यास घेतला. १९९६मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस ही कंपनी झाली. १९९८मध्ये पहिल्या रुग्णांना गोळी दिली गेली आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मंजुरी दिली. पूर्वी या आजारात रुग्णाच्या हाती काही वर्षेच उरत. आता पाच वर्षांनंतरही जवळपास नव्वद टक्के रुग्ण हयात असल्याचे मोठ्या चाचणीत दिसले. अट एवढीच की गोळी रोज घ्यायची आणि बहुतेकांनी ती आयुष्यभर घ्यायची. त्यामुळे औषधाची किंमत ही एकदाची रक्कम राहिली नाही. ती घराच्या मासिक खर्चाचा भाग झाली.

अमेरिकेत सुरुवातीला वर्षाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर होता. काळ पुढे गेला की खर्च वसूल होतो, प्रतिस्पर्धी येतात आणि भाव उतरतो, असे बाजाराचे गणित सांगते. इथे उलटे झाले. २००६मध्ये डॅसॅटिनिब आणि २००७मध्ये निलोटिनिब ही नवी औषधे जास्त किमतीला बाजारात आली आणि त्यांच्या मागोमाग जुन्या इमॅटिनिबचा भावही चढत गेला. २०१२पर्यंत तो वर्षाला सुमारे ९२ हजार डॉलर झाला. एकट्या त्या वर्षी या औषधाची जगभरातली विक्री ४६० कोटी डॉलरच्या पुढे होती. अखेर २०१३मध्ये या आजारावर काम करणाऱ्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र लेख लिहिला. ह्यूस्टनचे हॅगोप कांतार्जियन त्यांच्या अग्रभागी होते. ज्यांनी या औषधांच्या चाचण्या केल्या, ज्यांच्या रुग्णांना याच औषधांनी जगवले, त्याच डॉक्टरांनी या किमती टिकणाऱ्या नाहीत आणि न्याय्यही नाहीत, असे लिहिले. त्यांच्या लेखातला देशवार तक्ता आजही वाचण्यासारखा आहे. त्याच कंपनीच्या त्याच गोळीचा वर्षाचा खर्च अमेरिकेत सुमारे ९२ हजार डॉलर, जर्मनीत ५४ हजार, फ्रान्समध्ये ४० हजार, ब्रिटनमध्ये ३३ हजार ५००, इटलीत ३१ हजार आणि दक्षिण कोरियात २८ हजार ५०० होता.

हे सारे सधन देश आहेत. गरीब-श्रीमंत या भेदाने हा तक्ता समजत नाही, कारण ब्रिटिश माणूस अमेरिकी माणसाच्या एक तृतीयांश मिळकतीवर जगत नाही. फरक पडतो तो सौदा कोण करतो यामुळे. ब्रिटनमध्ये बहुतेक सगळ्या रुग्णांच्या वतीने एकच आरोग्यसेवा खरेदी करते आणि १९९९मध्ये स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था त्या औषधाचे मोल जोखते. औषधामुळे पूर्ण आरोग्याचे एक वर्ष मिळवायला किती पैसे पडतात ते ती मोजते. कित्येक वर्षे साधारण २० ते ३० हजार पौंडांच्या पलीकडे गेलेल्या औषधाला सहजासहजी होकार मिळत नसे. जर्मनीने २०११पासून नवा नियम केला. नवे औषध जुन्यापेक्षा खरोखर किती सरस आहे ते आधी दाखवायचे आणि मग त्यावर वाटाघाटी करायच्या. अमेरिकेने मात्र २००३मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी औषधांचा विमा सुरू करताना सरकारने किमतींच्या वाटाघाटीत पडू नये, असे कायद्यातच लिहून टाकले. वर, कर्करोगाची जवळपास सगळी औषधे या विम्यात असलीच पाहिजेत, असा दंडक आला. दुकानात शिरण्याआधीच माल घेणारच असे सांगितले आणि घासाघीस करणार नाही असेही कबूल केले, तर दुकानदार भाव कमी कशाला करेल? हीच गोष्ट उलट्या बाजूनेही सिद्ध झाली. २०२२च्या कायद्याने ही बंदी थोडी सैल केली. वाटाघाटींसाठी निवडलेल्या पहिल्या दहा औषधांत रक्ताच्या कर्करोगावरचे इब्रुटिनिब होते. त्याचा महिन्याचा छापील भाव १४ हजार ९३४ डॉलर होता. २०२६पासूनचा ठरलेला भाव ९ हजार ३१९ डॉलर आहे. गोळी तीच राहिली. सरकारला बोलण्याची मुभा मिळाली, एवढाच बदल झाला.

भारताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जागतिक व्यापार संघटनेत सामील झाल्यावर २००५पर्यंत औषधांवर पुन्हा पेटंट देणे भारताला भाग होते. तोवर आलेले अर्ज बाजूला ठेवायचे होते. नोव्हार्टिसने १९९८मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला, पण तो इमॅटिनिबच्या मूळ रेणूवर नव्हता. तो रेणू १९९३च्या पेटंट अर्जात आलेला होता आणि तेव्हाच्या भारतीय कायद्यात त्याला जागा नव्हती. अर्ज होता त्याच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर, ज्याला बीटा स्फटिक म्हणतात. अर्जाचा निकाल लागायच्या आधीच, नोव्हेंबर २००३मध्ये कंपनीला भारतात एकटीनेच विक्री करण्याचा तात्पुरता हक्क मिळाला. त्या बळावर तिने जेनेरिक, म्हणजे त्याच औषधाची स्वस्त आवृत्ती बनवणाऱ्यांना कोर्टात खेचले. मद्रास उच्च न्यायालयाने काही कंपन्यांना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय जेनेरिकचा ८ ते १० हजार. ग्लिव्हेकच्या एका महिन्याच्या पैशांत जेनेरिकचे अख्खे वर्ष निघत होते. मुंबईतली ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था या पेटंटला विरोध करायला उभी राहिली. तिच्यासोबत नॅटको, सिप्ला, रॅनबॅक्सी, हेटेरो या कंपन्याही होत्या. कंपन्यांचा त्यात धंदा होता हे खरेच आहे. पण रुग्णांच्या संस्थेने पेटंटच्या तांत्रिक वादात उतरावे आणि तो शेवटपर्यंत लढवावा, हे भारतात नवे होते.

२००५मध्ये पेटंट कायद्यात दुरुस्ती करताना संसदेने कलम ३(ड) घातले. आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप शोधले म्हणून पेटंट मिळणार नाही, त्याची ज्ञात परिणामकारकता वाढली असल्याचे दाखवावे लागेल, असे हे कलम सांगते. जानेवारी २००६मध्ये चेन्नई कार्यालयाने याच कारणाने नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले. ऑगस्ट २००७मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते टिकवले. २००९मध्ये पेटंटविषयक अपील मंडळाने पेटंट नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. बीटा स्फटिक अधिक स्थिर आहे, ओल कमी धरतो, गोळी बनवायला सोयीचा आहे आणि शरीरात सुमारे ३० टक्के अधिक शोषला जातो, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाचे म्हणणे असे की औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. स्फटिक चांगला असणे ही कारखान्याची सोय झाली. शोषण वाढल्याने उपचार सुधारतो हे पुराव्याने दाखवावे लागेल आणि ते दाखवलेले नाही. त्याचबरोबर, औषधातली प्रत्येक पुढची सुधारणा पेटंटला अपात्र आहे असा याचा अर्थ नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. परदेशी वृत्तपत्रांतून या निकालाचे वर्णन भारताने दुसऱ्याचा शोध हिसकावला असे झाले. ते रास्त नाही. मूळ शोधावर भारतात पेटंट नव्हतेच आणि जागतिक व्यापार करारातही तसा आग्रह नव्हता. प्रश्न होता तो जुन्या औषधाच्या नव्या रूपावर पुन्हा वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची का, एवढाच.

या सगळ्या वादात कंपनीची बाजू लंगडी नव्हती आणि तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा दानाचा होता. २००२पासून नोव्हार्टिस अनेक देशांत गरजू रुग्णांना ग्लिव्हेक फुकट देत होती. भारतात हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांना ते मोफत मिळते, असे कंपनीने सांगितले. या योजनेने हजारो माणसे जगली आणि ते श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण शंभरातल्या पंचाण्णवांना औषध फुकट द्यायचे असेल, तर उरलेल्या पाचांसाठी १ लाख २० हजारांचा भाव कशासाठी टिकवायचा? अनेक देश आपली किंमत ठरवताना शेजारच्या आणि तोलामोलाच्या देशांतले भाव पाहतात. एका देशाचा छापील भाव उतरला की दुसरीकडचा खरेदीदार त्याच्याकडे बोट दाखवतो. फुकट दिलेले औषध मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. दानाची अडचण ही आहे. पात्रता देणारा ठरवतो, योजना किती काळ चालेल तेही तोच ठरवतो. आयुष्यभर रोज गोळी घ्यावी लागणाऱ्या माणसाला मेहेरबानीपेक्षा परवडणारा भाव अधिक सुरक्षित असतो, कारण त्यासाठी त्याला कोणापुढे आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही.

त्याच काळात मुंबईच्या पेटंट कार्यालयात दुसरा निवाडा झाला. त्यातले आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाच्या वाढलेल्या कर्करोगावरचे सोराफेनिब बायर कंपनी नेक्सावर या नावाने विकत होती. त्यावर भारतात रीतसर पेटंट होते आणि त्याबद्दल वाद नव्हता. रुग्णाला दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या चार, म्हणजे महिन्याला १२० गोळ्या लागत. त्या १२० गोळ्यांचा भाव २ लाख ८० हजार ४२८ रुपये होता. एक गोळी सुमारे २ हजार ३३७ रुपयांना पडे. हैदराबादच्या नॅटकोने सक्तीच्या परवान्यासाठी, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला आणि तोच महिना ८ हजार ८८० रुपयांत, म्हणजे गोळी ७४ रुपयांना देण्याची तयारी दाखवली. कायद्याच्या कलम ८४मध्ये तीन प्रश्न विचारले आहेत. लोकांची वाजवी गरज भागते का? औषध परवडणाऱ्या भावात मिळते का? आणि पेटंटचा वापर भारतात होतो का? नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२च्या आदेशात तिन्हींची उत्तरे बायरच्या विरोधात दिली. गरज असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंतच औषध पोहोचत होते. नॅटकोने विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यावी आणि दरवर्षी निदान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत पुरवावे, अशा अटी घालून परवाना दिला गेला. अपील मंडळाने रॉयल्टी ७ टक्के केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४मध्ये आदेश कायम ठेवला आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. या आदेशात पेटंट मोडलेले नाही. मालकी मान्य करूनच, मक्तेदारी देताना समाजाने घातलेल्या अटी पाळल्या गेल्या का, एवढेच तपासले आहे.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप. भाव असे पाडले तर नवी औषधे शोधणार कोण? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण इमॅटिनिब नसते तर या लेखातले सगळे वाद झालेच नसते. औषध शोधायला पैसा लागतो, अनेक प्रयत्न फुकट जातात आणि यशस्वी औषधाला अपयशांचाही खर्च उचलावा लागतो, हे मान्यच आहे. मतभेद आहेत ते आकड्यावर. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या केंद्राने २०१४मध्ये एका नव्या औषधाचा खर्च सुमारे २६० कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला. २०१७मध्ये विनय प्रसाद आणि शाम मैलनकोडी यांनी, कर्करोगाचे एकेकच औषध बाजारात आणलेल्या दहा कंपन्यांचे जाहीर हिशेब तपासले. त्यांना मध्यम खर्च ६५ कोटी डॉलरच्या आसपास दिसला. पूर्ण बुडालेल्या कंपन्या त्यांनी धरल्या नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि तिच्यात अर्थ आहे. म्हणून तिसरी बाजूही पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी अमेरिकेत १९८९ ते २०१७ या काळात मंजूर झालेल्या ९९ कर्करोगाच्या औषधांचे उत्पन्न मोजले. अपयशांचा खर्च धरूनही संशोधनावरच्या प्रत्येक डॉलरमागे मध्यम उत्पन्न साडेचौदा डॉलर निघाले. शिवाय इमॅटिनिबच्या पायाशी असलेले गुणसूत्रांचे संशोधन विद्यापीठांत आणि बरेचसे सार्वजनिक पैशावर झाले. स्वतः ड्रकर यांनी २००७मध्ये एका भारतीय वृत्तपत्रात लिहून, ज्या औषधावर आपण वर्षे घालवली ते किमतीपायी रुग्णांपर्यंत पोहोचत नाही याची व्यथा मांडली होती. आणि संशोधनासाठीच किंमत ठरत असेल, तर खर्च वसूल झाल्यावर अमेरिकेतला भाव तीस हजारांवरून ब्याण्णव हजारांवर का गेला, याचे उत्तर त्या तर्कात सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सौदा फार ताणला तर कंपन्या औषध आणतच नाहीत किंवा उशिरा आणतात, आणि मधल्या काळात रुग्ण मरतात. हे घडते. स्तनाच्या कर्करोगावरचे कॅडसायला एका रुग्णामागे सुमारे ९० हजार पौंडांना पडते म्हणून ‘नाइस’ने २०१४मध्ये ते नाकारले. कंपनीने सूट दिल्यावर २०१७मध्ये त्याला होकार मिळाला. ती तीन वर्षे ज्यांच्या वाट्याला आली त्यांना धोरणाचे शहाणपण सांगून समाधान होणार नाही. म्हणून सौदा करणाऱ्या देशाने आपल्या नकाराची किंमतही उघडपणे मोजली पाहिजे. पण सौदा न करण्याचीही किंमत असते. अमेरिकेत औषध सगळ्यांत आधी येते आणि विमा असूनही स्वतःचा वाटा न परवडल्याने गोळ्या अर्धवट सोडणारे रुग्णही तिथेच आढळतात. औषध दुकानात आहे पण घरी येत नाही, या अवस्थेलाही उपलब्धता म्हणता येणार नाही.

तुलनेची खरी कसोटी पुढे आहे. २०१६मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, इस्रायल, दक्षिण आफ्रिका, चीन आणि भारत या सात देशांतल्या कर्करोगाच्या औषधांच्या किमतींचा एक अभ्यास मांडला गेला. पेटंट असलेल्या औषधांचा मध्यम मासिक भाव अमेरिकेत ८ हजार ६९४ डॉलर, म्हणजे सर्वांत जास्त निघाला. भारतात तो १ हजार ५१५ डॉलर, म्हणजे सर्वांत कमी होता. इथेच थांबलो तर भारतीय रुग्ण नशीबवान वाटेल. संशोधकांनी मग हाच भाव दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहिला आणि चित्र पालटले. सात देशांपैकी हीच औषधे सर्वांत न परवडणारी ठरली ती भारत आणि चीनमध्ये. डॉलरमध्ये सर्वांत स्वस्त आणि मिळकतीच्या मानाने सर्वांत महाग, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. म्हणून जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांचा देश या बिरुदावर समाधान मानणे चुकीचे आहे. उपचाराचा मोठा भार जिथे घराच्याच खिशावर पडतो, तिथे ७४ रुपयांची गोळीही महिन्याला ८ हजार ८८० रुपये होते, आणि शेतमजुराच्या घराला दर महिन्याला एवढी रक्कम काढणे परवडत नाही.

औषधाची किंमत ते बनवणाऱ्याच्या देशावर अवलंबून नसते, हेही इमॅटिनिबनेच दाखवून दिले. अमेरिकेतले पेटंट संपल्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथे पहिले जेनेरिक आणले ते मुंबईच्या सन फार्माने. भारतात हे औषध अगदी थोड्या पैशांत मिळत होते, पण अमेरिकेत त्याच कंपनीने मूळ भावाच्या सुमारे ३० टक्के खाली दर ठेवला. पहिले सहा महिने दुसऱ्या कोणाला उतरायची मुभा नव्हती आणि मधल्या दलालांच्या साखळीमुळे पुढेही भाव सावकाश उतरला. २०२२मध्ये ‘कॉस्ट प्लस ड्रग्ज’ या कंपनीने निर्मितीखर्चावर ठरावीक नफा लावून औषधे विकायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याचे इमॅटिनिब ५० डॉलरच्या आत देऊ केले. त्याच देशात ते नेहमीच्या छापील भावाने काही हजार डॉलरला लागत होते. भारतीय कंपनी अमेरिकेत अमेरिकी भावाने विकते आणि अमेरिकी कंपनी मनात आणले तर भारतीय भावाच्या जवळ जाते. दोन्ही ठिकाणी बाजाराचे नियमच किंमत ठरवतात.

आज या तुलनेवर नवे संकट आहे, ते गुप्ततेचे. वर दिलेले बरेच आकडे छापील भावांचे आहेत. प्रत्यक्षात युरोपातले देश कंपन्यांकडून सूट घेतात आणि ती उघड न करण्याचा करारही करतात. युरोपातले १६ देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांतल्या ३१ कर्करोगाच्या औषधांचे भाव तपासणाऱ्या अभ्यासात एकाच औषधाच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भावांत २८ पासून ३८८ टक्क्यांपर्यंत अंतर आढळले, आणि तेही सूट वगळून. परिणाम असा की प्रत्येक देशाला वाटते सौदा आपल्यालाच जमला आणि शेजाऱ्याला काय मिळाले ते कोणालाच कळत नाही. या अंधाराचा तोटा सर्वांत जास्त होतो तो ज्यांची सौद्याची ताकद कमी आहे त्यांना. मे २०१९मध्ये इटलीच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य सभेने प्रत्यक्ष किमती उघड करण्याचा ठराव केला. ब्रिटन आणि जर्मनी त्यातून बाजूला राहिले. केफॉव्हर समितीचे तक्ते ज्या उघडेपणावर उभे होते, त्याच उघडेपणाला साठ वर्षांनी काही प्रगत देश कचरत होते.

भारतात २०१२नंतरच्या दशकात कर्करोगाच्या दुसऱ्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला नाही. २०१३मध्ये डॅसॅटिनिबसाठीचा अर्ज फेटाळला गेला. हा हक्क कायद्यात आहे, पण तो गंजू द्यायचा की वापरायचा हा राजकीय इच्छेचा प्रश्न आहे. दरम्यान दोन वेगळे मार्ग पुढे आले. २०१९मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापाऱ्यांचा नफा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि अनेक ब्रँडचे छापील भाव मोठ्या प्रमाणात उतरले. दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने २३ रुग्णालयांची गरज एकत्र केली, ४० औषधांसाठी एकत्र वाटाघाटी केल्या आणि खर्चात ८० टक्क्यांहून अधिक बचत केली. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही की कोर्टात जावे लागले नाही. वेगवेगळे उभे असलेले खरेदीदार एका रांगेत आले, एवढेच झाले. पण ही बचत ग्रिडमधल्या रुग्णालयांच्या रुग्णांपुरतीच मर्यादित आहे. बाहेरच्या दुकानातून पेटंट असलेले नवे औषध घेणाऱ्याला तिचा लाभ नाही.

म्हणून देशोदेशीच्या तक्त्यांकडे पाहताना नुसते हळहळून किंवा अभिमान बाळगून भागणार नाही. त्यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी कधीतरी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आहे. १९७०मध्ये भारताने, १९९९मध्ये ब्रिटनने, २००३मध्ये आणि मग २०२२मध्ये अमेरिकेने तसे निर्णय घेतले. जे निर्णयाने घडले ते निर्णयाने बदलता येते. भारतापुरते सांगायचे तर तीन कामे हातात आहेत. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक कर्करोगाच्या औषधाचा प्रत्यक्ष भाव जाहीर करावा. नॅशनल कॅन्सर ग्रिडचा एकत्र खरेदीचा मार्ग सरकारी रुग्णालयांपासून विमा योजनांपर्यंत पसरवावा. आणि कलम ८४ कायद्याच्या पुस्तकात ठेवून न देता, जिथे वाटाघाटी निष्फळ होतात तिथे वापरण्याची तयारी ठेवावी. यातल्या एकालाही नवे विज्ञान लागत नाही. विज्ञानाने आपले काम केले आहे आणि औषध तयार आहे. ते कोणाला मिळावे हे ठरवण्याची जबाबदारी आता समाजाची आहे, आणि ती बाजारावर ढकलून हात झटकता येणार नाहीत.